वहीच्या मागच्या पानांवरचा हिशेब

आमच्या घरी शेतीच्या हिशेबाची, लाल कापडी पाठीची एक लांबट वही आहे. तिच्या पुढच्या पानांवर बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी आणि कापसाची पट्टी असा दरवर्षीचा मजकूर आहे. मागच्या पानांवर मात्र, वही उलटी धरून, थोरल्या भावाने २०१३ च्या जानेवारीत बाबांच्या आजारपणाचा खर्च लिहायला सुरुवात केली. मी पुढे अर्थशास्त्र सोडून आरोग्यसेवा संशोधनाकडे वळले, त्याला ही मागची पाने बऱ्याच अंशी कारणीभूत आहेत. औषध कोणते द्यावे, शस्त्रक्रिया कशी करावी हे वैद्यकशास्त्र सांगते. ते औषध आणि ती शस्त्रक्रिया माणसापर्यंत पोहोचते की नाही, पोहोचली तर कोणाच्या पैशाने, किती उशिराने आणि कोणत्या दारातून, हे शोधण्याचे काम आरोग्यसेवा संशोधनाचे. गावाकडे मी काय करते असे कोणी विचारले, की मी दवाखान्यांचा हिशेब तपासते असे सांगते, आणि ते उत्तर फारसे चुकीचे नाही.

आमचे गाव परभणी जिल्ह्याच्या पालम तालुक्यात आहे आणि मावशीचे नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात. दोन्ही गावांत जेमतेम वीस किलोमीटरचे अंतर, जमीन सारखीच काळी, पाऊस सारखाच बेभरवशाचा आणि दोन्ही घरांत केशरी शिधापत्रिका. २ जुलै २०१२ रोजी राज्य सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू केली: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. मराठवाड्यातून एकटे नांदेड त्यात होते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे, ठरलेल्या शस्त्रक्रियांचे उपचार रोख पैसे न भरता मिळणार होते. उरलेल्या जिल्ह्यांत ही योजना पोहोचायला २०१३ चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या साधारण सोळा महिन्यांत बाबांच्या छातीत कळ आली, आणि चार महिन्यांनी मावसांच्याही.

बाबांना ज्या खासगी रुग्णालयात नेले ते योजनेतलेच होते. प्रवेशद्वाराजवळ आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचे टेबल होते, त्यावर फलक होता. भावाने शिधापत्रिका पुढे केली, त्या मुलाने ती उलटसुलट पाहिली आणि कार्ड परभणी जिल्ह्याचे असल्याने चालणार नाही असे सांगितले. त्याचा त्यात काही दोष नव्हता. नियमच तसा होता. अँजिओप्लास्टी झाली, बिल १ लाख ८४ हजारांचे झाले आणि त्यातली जवळपास अर्धी रक्कम एकट्या स्टेंटची, म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीची होती. (स्टेंटच्या किमतीवर केंद्राने मर्यादा घातली ती फेब्रुवारी २०१७ मध्ये, औषध सोडणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९ हजार ६०० रुपये ठरली. भावाने ती बातमी वाचली त्या दिवशी वही काढून जुन्या आकड्याखाली पेन्सिलीने एक रेघ ओढली, ती अजून तशीच आहे.) पैसे कसे उभे केले तेही वहीत आहे: चांगल्या दराची वाट न पाहता विकलेला कापूस ४० हजार, सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने ६० हजार, आईच्या पाटल्या गहाण ठेवून ५० हजार, आणि तीन नातेवाइकांकडून हातउसने ३४ हजार. सावकाराचे व्याज महिन्याला १ हजार ८०० रुपये, आणि ते पुढची दोन वर्षे दर महिन्याला वेगळ्या ओळीत लिहिलेले आहे.

मावसांची अँजिओप्लास्टी योजनेतून झाली. मावशी आजही सांगते, "दवाखान्यानं एक रुपया घेतला नाही बघ, पण तेव्हापासून हातात रुपया राहिना." भावाने त्यांचाही खर्च त्याच वहीत टिपून ठेवला, कारण मावसांसोबत दवाखान्यात तोच राहिला होता. मंजुरी येण्याआधीच्या तपासण्यांचे साडेनऊ हजार रुपये बाहेर भरावे लागले. ते नंतर परत मिळतील असे सांगण्यात आले आणि मिळाले नाहीत. रात्री जीप करून नेले त्याचे ३ हजार २००, सोबतच्या दोघांचे नऊ दिवसांचे जेवण आणि मुक्काम ४ हजार १००. म्हणजे 'मोफत' उपचाराचा एकूण खर्च १६ हजार ८०० रुपये. बाबांच्या १ लाख ८४ हजारांपुढे ही रक्कम लहान आहे आणि ती लहान आहे याचे श्रेय योजनेला दिलेच पाहिजे. मावसांच्या घरावर सावकाराची पायरी चढण्याची वेळ आली नाही, ही काही छोटी गोष्ट नव्हे. परंतु त्यानंतर महिन्याला सुमारे ९०० रुपयांच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि दोन वर्षांत त्यांची बेरीज २१ हजार ६०० रुपयांवर गेली. त्या गोळ्या योजनेत नव्हत्या. घरी परतल्यानंतरच्या थोड्या दिवसांचे औषध पॅकेजमध्ये धरलेले असते, जन्मभराचे नसते. २०१५ च्या उन्हाळ्यात, दुष्काळात, मावसांनी रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद केल्या आणि घरात कोणाला सांगितले नाही. त्या दिवाळीनंतर त्यांना पुन्हा दाखल करावे लागले, आणि योजनेने दुसरी अँजिओप्लास्टी पुन्हा एकही रुपया न घेता केली.

गोळ्या चालू असत्या तर दुसरा झटका आला नसता असे कोणताही डॉक्टर खात्रीने सांगणार नाही. पण पैशाची वाट कशी आखली आहे, ते या एका घरात स्पष्ट दिसते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सरकारी तिजोरीतून लाखभर रुपये सहज निघतात. ती शस्त्रक्रिया टाळू शकणाऱ्या ९०० रुपयांसाठी मात्र शेतकऱ्याला आपल्या खिशात हात घालावा लागतो. दवाखान्यात दाखल न होता घेतलेले उपचार आणि रोजची औषधे हा भारतातल्या कुटुंबांच्या आरोग्यखर्चाचा मोठा भाग आहे, आणि आपल्या विमा योजना जवळपास संपूर्णपणे दाखल रुग्णाभोवती बांधलेल्या आहेत. योजनेचे नाव २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाले, २०१८ मध्ये केंद्राची पाच लाखांची आयुष्मान भारत योजना आली, २०२० मध्ये दोन्ही एकत्र चालू लागल्या, आणि २०२३ मध्ये राज्याने सर्वच कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत, आत्महत्याग्रस्त जिल्हे म्हणून, पांढऱ्या शिधापत्रिकेवरच्या शेतकऱ्यांनाही त्याआधीपासून योजनेत घेतले होते. रक्कम वाढली, लाभार्थी वाढले, पण योजनेचा आकार दाखल होण्याच्या खाटेएवढाच राहिला.

वहीतली माहिती संशोधनात कशी उतरते, हे मी पुढे शिकले. देशातल्या कुटुंबांचा आरोग्यखर्च आपल्याला मुख्यतः राष्ट्रीय नमुना पाहणीतून कळतो. पाहणीचे प्रगणक घरी येतात. गेल्या ३६५ दिवसांत कोण दाखल झाले आणि गेल्या १५ दिवसांत कोण आजारी पडले, असे विचारतात. जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झालेल्या ७५ व्या फेरीत, बाळंतपणे वगळून, एका दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४ हजार ४५० रुपये आणि खासगी रुग्णालयात सुमारे ३१ हजार ८५० रुपये निघाला. हे आकडे राष्ट्रीय आहेत आणि उपयोगाचे आहेत. पण मी स्वतः पाहण्यांच्या प्रश्नावल्या घेऊन घरोघर फिरले आहे, आणि ज्या प्रश्नाशी मी दरवेळी अडखळते तो म्हणजे पैसा कुठून आणला हा. पर्याय ठरलेले असतात: घरची मिळकत आणि शिल्लक, कर्ज, मालमत्तेची विक्री, मित्र-नातेवाइकांची मदत. आता हातउसने यांतल्या कोणत्या खान्यात घालायचे? परत द्यायचे असते म्हणून ते कर्ज आहे. व्याज नसते, कागद नसतो आणि कधी द्यायचे ते ठरलेले नसते म्हणून ती मदत आहे. समोरची बाई सांगते, "भावानं दिले," आणि प्रगणक मदतीवर खूण करतो. पाच वर्षांनी त्या भावाच्या मुलीच्या लग्नात हेच पैसे परत जातात, तेव्हा त्या घरात कोणीही आजारी नसते आणि कोणतीही पाहणी चालू नसते. मुदतीआधी विकलेला कापूस तर 'घरची मिळकत' म्हणूनच नोंदला जातो, कारण तो विकायचाच होता. क्विंटलमागे किती रुपये कमी मिळाले, हे विचारणारा प्रश्नच नसतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांच्या अंदाजानुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे, सरकारी खर्च वाढल्याचे त्यात प्रतिबिंब आहे, आणि मी ती नाकारत नाही. मात्र २०२१-२२ च्या अंदाजातील कुटुंबखर्चाचा पाया २०१७-१८ ची तीच पाहणी आहे आणि पुढच्या वर्षांचे आकडे त्यावरून वाढवत नेलेले आहेत. मधल्या काळात करोनाची दोन वर्षे होऊन गेली. शिवाय सोबतच्या माणसाचे जेवण, त्याचा मुक्काम, बुडालेली मजुरी आणि व्याज या लेख्यांत येत नाहीत. त्याला तांत्रिक कारण आहे: हा खर्च आरोग्यसेवेवरचा नसून तिच्यापायी झालेला आहे, आणि देशोदेशींची तुलना करायची तर व्याख्या एकच हवी. ते कारण मला पटते. पण ज्या तालुक्यातून हृदयरोगतज्ज्ञ गाठायला शंभर किलोमीटर जावे लागते, तिथे हा 'पायी झालेला' खर्च शहरापेक्षा आपोआप जास्त असतो. व्याख्या सर्वांना सारखी असली तरी तिच्यातून निसटणारी रक्कम सर्वांना सारखी नसते.

याहून मला जास्त छळणारी गोष्ट म्हणजे शून्य. आरोग्यखर्चाने घर बुडाले का, हे मोजायला एक मान्य निकष आहे: कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या १० टक्के किंवा २५ टक्क्यांहून अधिक रक्कम आजारपणावर गेली, तर तो घातक खर्च. शाश्वत विकास उद्दिष्टांतही हाच निकष वापरला गेला. आमचे घर २०१३ मध्ये या निकषात ठळकपणे बसले असते. पण गावात त्याच वर्षी एका गृहस्थांना लघवीचा त्रास होता, शस्त्रक्रिया सांगितली होती, आणि विहीर आटल्यामुळे ते गेलेच नाहीत. त्यांचा आरोग्यखर्च शून्य. निकषाच्या दृष्टीने ते सुरक्षित. दुष्काळी वर्षात दवाखान्यात जाणारे कमी झाले, तर घातक खर्च झालेली कुटुंबेही कमी दिसतील आणि तक्ता सुधारल्यासारखा वाटेल. म्हणून खर्चाचा आकडा एकटा कधी वाचू नये. त्याच्या शेजारी 'गरज होती, पण गेला नाही' हा आकडा ठेवावा लागतो, आणि तो मिळवायला घरी बसून, घाई न करता विचारावे लागते.

उसतोड कामगारांच्या बाबतीत हे शून्य आणखी वाईट रूप घेते. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि एका दिवसाची सुट्टी घेतली तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड कापला जातो. अशा बाईसाठी आजारपणाच्या दिवसाची किंमत दवाखान्यातल्या बिलाआधीच ठरलेली असते. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, शासनाने समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या ८२ हजार ३०९ महिला उसतोड कामगारांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढल्याचे पुढे आले. हे प्रमाण साधारण सहा जणींत एक असे पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांमध्ये देशभरात हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. वयोगट आणि मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने या दोन आकड्यांची थेट वजाबाकी करता येत नाही, पण अंतर इतके आहे की तेवढ्यावरून डोळेझाकही करता येत नाही.

त्या वेळी चर्चा बहुतेक डॉक्टरांच्या नीतिमत्तेची आणि मुकादमांच्या दबावाची झाली. दोन्हींना अर्थ होता. आरोग्यसेवा संशोधन मात्र आणखी एक प्रश्न विचारते: डॉक्टरला पैसे कसे मिळतात? प्रत्येक कृतीमागे पैसे मिळणार असतील तर कृती वाढतात, ठरावीक पगार मिळणार असेल तर कृती वाढण्याचे ते कारण उरत नाही, आणि नोंदवलेल्या माणशी ठोक रक्कम मिळत असेल तर उपचार टाळण्याकडे कल जाऊ शकतो. हे जगभर पाहिले गेले आहे आणि त्यासाठी कोणी वाईट माणूस असण्याची गरज नसते. अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी, पाळीच्या तक्रारी यांवर पहिला उपाय म्हणून तपासणी, औषध आणि थांबणे असायला हवे. हे तिन्ही देणारी जागा म्हणजे गावाजवळचे सरकारी केंद्र. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ नसतात, आणि बाई वर्षातले सहा महिने गावात नसते. शस्त्रक्रिया करणारी जागा मात्र तालुक्याला असते आणि तिथे एकाच फेरीत प्रश्न 'मिटतो'. खाड्याच्या भीतीने जगणाऱ्या बाईला तो मिटवणे स्वस्त वाटले, यात तिचे अज्ञान नाही. तिने तिच्यापुढे असलेला हिशेबच केला. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. परवानगीने शस्त्रक्रिया कमी होऊ शकतात. तक्रार घेऊन आलेल्या बाईला पर्यायी उपचार त्यातून आपोआप मिळत नाही.

सेवा कशी रचली आहे, हा भाग मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सपाट प्रदेशात ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय, हा मापदंड सर्वांना पाठ आहे. कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट अशी, की ही साखळी एका हातात नाही. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्याच, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरसह सर्व उपचार मोफत झाले, पण महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. रुग्णाच्या लेखी हे सगळे एकच 'सरकारी'. ग्रामीण रुग्णालयातून रेफर झालेली बाळंतीण रुग्णवाहिकेतून जाते तेव्हा तिच्यासोबत एक चिठ्ठी जाते, आणि ती चिठ्ठी एका खात्याची हद्द सोडून दुसऱ्या खात्यात शिरते. वरच्या रुग्णालयात तिचे काय झाले, हे खाली कळवण्याची खात्रीशीर वाट नाही. त्यामुळे खालच्या डॉक्टरला आपला निर्णय लवकर होता की उशिरा, हे कधी शिकताच येत नाही.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी २४ तासांत २४ मृत्यू झाले आणि त्यांत १२ नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे नव्हती की मनुष्यबळ कमी होते, यावर तेव्हा मोठा वाद झाला. औषधखरेदीच्या व्यवस्थेचा प्रश्न खराच होता. राज्याने ती २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे एकवटली होती आणि त्यातल्या दिरंगाईच्या तक्रारींनंतर २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. पण त्या २४ च्या आकड्याकडे पाहताना माझ्या मनात पहिले आले ते छेदस्थान, म्हणजे हे मृत्यू एकूण किती रुग्णांमागे झाले. त्या रुग्णालयात हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणाच्या सीमेवरून अत्यवस्थ रुग्ण येतात. एरवी २४ तासांत तिथे किती जण दगावतात, त्या दिवशी किती दाखल होते, ती बालके किती वजनाची होती, कोणत्या केंद्रातून आणि जन्मानंतर किती तासांनी निघाली होती? हे प्रश्न रुग्णालयाला पाठीशी घालण्यासाठी नाहीत. उलट, ज्या बाळाला शेवटच्या दारात मृत्यू आला त्याच्यासाठी आधीची तीन दारे का उघडली नाहीत, हे या प्रश्नांशिवाय कळणार नाही. अमेरिकेतील आरोग्यसेवा संशोधक आवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये सेवेचा दर्जा तपासण्यासाठी रचना, प्रक्रिया आणि फलित अशा तीन पायऱ्या मांडल्या. आपण इमारती आणि खाटा मोजतो, म्हणजे रचना; आणि मृत्यू मोजतो, म्हणजे फलित. मधली प्रक्रिया, म्हणजे कोणी कोणाला किती वाजता काय केले, हे आपल्या नोंदींत फार विरळ आहे.

मराठवाड्याला मोजण्याची सवय नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 'अनुशेष' हा शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीवरही चालतो. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये सिंचन, रस्ते, शिक्षण यांच्या जोडीने सार्वजनिक आरोग्याचाही प्रादेशिक अनुशेष काढला; राज्याच्या सरासरीपेक्षा प्रत्येक जिल्हा किती मागे, हे त्यात मांडले. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. मराठवाड्याच्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्या पद्धतीचा मला आदर आहे, कारण निधीवाटपाचा वाद तिने भाषणांतून आकड्यांवर आणला. तरीही अनुशेष हा बहुतांशी रचनेचा अनुशेष होता: किती खाटा हव्यात, किती आहेत. खाट आहे पण भूलतज्ज्ञ नाही, तर तो अनुशेष कोणत्या रकान्यात धरायचा? ब्रिटनमध्ये ज्युलियन ट्यूडर हार्ट या खाण कामगारांच्या गावातील डॉक्टरांनी १९७१ मध्ये लिहून ठेवले, की जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी असते आणि सेवा बाजारावर जितकी सोडली जाते तितके हे अधिक खरे ठरते. त्यांचे निरीक्षण वेल्सच्या कोळसा खाणींतले होते. मला ते लोहा-पालम रस्त्यावर आठवते.

परत त्या सोळा महिन्यांकडे येते. शेजारच्या कर्नाटकात वाजपेयी आरोग्यश्री ही योजना २०१० मध्ये आधी उत्तरेकडच्या जिल्ह्यांत लागू झाली, त्यांत आपल्या लातूर-नांदेडला लागून असलेला बीदरही होता. संशोधकांनी उत्तर आणि दक्षिण विभागांच्या सीमेवरची, एकमेकांसारखी गावे निवडली. एका बाजूला योजना, दुसऱ्या बाजूला नाही. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले: योजनेत येणाऱ्या आजारांनी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत होणारे मृत्यू योजनेच्या बाजूला ०.३२ टक्के आणि पलीकडे ०.९० टक्के, म्हणजे सुमारे ६४ टक्क्यांनी कमी. इतका मोठा परिणाम वाचताना मी सावध होते, आणि तो केवळ पैशाचा नसावा असे मला वाटते, कारण त्या योजनेत गावोगावी आरोग्य शिबिरे घेऊन रुग्ण शोधून आणण्याची व्यवस्था होती. कार्ड देणे ही एक गोष्ट, आणि छातीत कळ येणाऱ्या माणसाला कोणीतरी घरातून उठवून गाडीत बसवणे ही दुसरी. तरीही पद्धत सुंदर आहे. चिठ्ठ्या टाकून कोणाला वंचित ठेवावे लागत नाही. सरकारने टप्पे पाडताना जी रेघ ओढली तीच तपासायची.

तशीच रेघ आपल्याकडे ओढली गेली होती. लोह्याच्या एका बाजूला पालम आणि दुसऱ्या बाजूला अहमदपूर, म्हणजे एकीकडे परभणी जिल्हा आणि दुसरीकडे लातूर. जुलै २०१२ ते नोव्हेंबर २०१३ या काळात या सीमेच्या एका अंगाला योजना होती आणि दुसऱ्या अंगाला नव्हती. दोन्हीकडे दुष्काळ सारखाच होता. राज्याने योजना सुरू करण्याआधी दोन्हीकडच्या काही गावांत साधी घरोघर पाहणी करून ठेवली असती, तर पुढच्या दहा वर्षांत योजनेत काय बदलायचे याची उत्तरे हाताशी आली असती: मृत्यू कमी झाले का, सावकारी कर्ज कमी झाले का, शस्त्रक्रियेनंतर गोळ्या किती जणांनी सोडल्या, आणि योजनेच्या रुग्णालयापासून दूर असलेल्या गावांना लाभ कमी मिळाला का. अशी आधीची पाहणी काही मोठ्या खर्चाची नसते. योजनेच्या जाहिरातीच्या फलकांवर जेवढा रंग लागतो, त्याच्या तुलनेत ती स्वस्तच पडते, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याच्या आदेशातच तिची तरतूद असावी असे मी जिथे संधी मिळेल तिथे मांडत असते.

आता इतक्या वर्षांनी ते परत उभे करणे अवघड आहे, पण अशक्य नाही. मृत्यूचे साल लोक विसरत नाहीत; कर्जाचे तर नाहीच. खर्चाची रक्कम विसरतात, म्हणून ती विचारण्याऐवजी काय विकले आणि काय गहाण टाकले हे विचारावे लागते: बैलजोडी, पाटल्या, बांधावरची सागाची झाडे. आकडा पुसट होतो, पण विकलेल्या बैलाचा रंग सांगता येतो आणि तो कोणत्या बाजारात, कोणत्या सणाआधी विकला हेही. शिधापत्रिकेच्या नोंदींवरून त्या वेळी कोणते कुटुंब कोणत्या जिल्ह्यात होते ते ठरवता येते. योजनेच्या मंजुरीच्या नोंदी संगणकावर आहेत, त्यांतली नावे काढून टाकून केवळ गाव, वय, आजार आणि तारीख एवढे जरी अभ्यासकांना मिळाले तरी अर्धे काम होईल. मी पालम आणि लोहा तालुक्यांतल्या काही गावांपुरती एक प्रश्नावली तयार केली आहे. तिचा पहिला मसुदा मी भावाला दाखवला. त्याने 'पैसा कुठून आणला' या प्रश्नाखालचे पर्याय वाचले, वही उघडून बाबांचे पान समोर ठेवले, आणि 'हातउसने' असा वेगळा रकाना करून त्याच्यापुढे 'फेडले का, कधी, कशातून' एवढे तीन शब्दगट स्वतःच्या हाताने लिहिले.